गोचीड ताप एक नव्हे, दोन: थायलेरिया आणि बबेसिया

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की मराठवाड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत एक तक्रार वाढत जाते. गाय वैरण खाईना, रवंथ करीना, अंग भट्टीगत तापलंय, दूध एका दिवसात निम्म्यावर आलं. डॉक्टर शेपटी उचलून बघतात, कासेवर हात फिरवतात, गोचीड सापडतात. मग मालकच म्हणतो, "गोचीड ताप दिसतोय, द्या सुई." हे निदान चुकीचं नसतं, पण अर्धवट असतं. गोचीड ताप या नावाखाली आपल्याकडं मुख्यतः दोन वेगळे आजार वावरतात, थायलेरिओसिस आणि बबेसिओसिस. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. दोन दिवस चुकीच्या सुईत गेले तर संकरित गाय हातची जाते.

प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर किंवा औषधाच्या माहितीपत्रकावर 'टिक फीवर' असं लिहून येतं, त्यानंही गोंधळ मिटत नाही. टिक म्हणजे गोचीड. हा जुन्या इंग्रजीतला शब्द, जर्मन 'त्सेके'चा भाऊबंद. घड्याळाच्या टिकटिकीशी त्याचा संबंध नाही. तो शब्द ताप कुणी आणला एवढंच सांगतो, रक्तात काय शिरलंय ते सांगत नाही.

सुरुवातीला दोघांची लक्षणं इतकी सारखी असतात की नुसतं बघून ओळखणं अवघड. निरोगी गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतं. या दोन्ही आजारांत ते १०४ च्या वर, कधी १०६ पर्यंत जातं. दोन्हींत पापणीची आतली बाजू आधी फिकी आणि पुढं पिवळसर पडते. दोन्हींत धाप लागते. दोन्ही आजार एकपेशीय परजीवींमुळं होतात आणि ते परजीवी रक्तातल्या पेशींत राहतात. फरक आहे तो रक्तात शिरल्यावर ते काय करतात यात.

बबेसिया थेट तांबड्या पेशीत शिरतो. आत एकाचे दोन होतात आणि ती पेशी फोडून नव्या पेशीकडं जातात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं सुटतं, मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरतं आणि लघवी गडद तांबडी, तपकिरी, कधी काळपट होते. आपल्याकडं 'लाल मूत' म्हणतात तो प्रकार बहुतेक वेळा हाच.

थायलेरिया आधी पांढऱ्या पेशींत शिरतो, आणि तिथं जे करतो ते वाचून मी थक्क झालो होतो. तो पेशी फोडत नाही, तिला वाढायला लावतो. परजीवी आत असलेली पांढरी पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी बेलगाम विभागत सुटते आणि प्रत्येक विभागणीत परजीवीही दोन्ही बाजूंना वाटला जातो. म्हणजे गाईची स्वतःची संरक्षक पेशीच त्याची नर्सरी होते. या पेशी लसिका ग्रंथींत, म्हणजे कातडीखालच्या संरक्षक गाठींत, साठतात आणि ग्रंथी फुगतात. तांबड्या पेशींचा नंबर नंतर लागतो. रक्तक्षय आणि कावीळ दिसते ती तेव्हा. लघवी मात्र सहसा साधीच राहते.

त्यामुळं गोठ्यात उभं राहून करता येण्याजोग्या तपासण्यांत सगळ्यात मोलाची तपासणी हातानं होते. गाईच्या बाजूला उभं राहा. मान जिथं खांद्याला मिळते तिथं, फऱ्याच्या हाडाच्या थोडं पुढं, चार बोटं आडवी दाबून मागंपुढं फिरवा. कातडीखाली एक लांबट ग्रंथी बोटांखालून सरकते. निरोगी गाईत ती शोधावी लागते. थायलेरियाच्या गाईत ती शोधावी लागत नाही, कधी मुठीएवढी होते, लांबूनही उंचवटा दिसतो आणि दाबलं की गाय अंग चोरते. दोन्ही बाजू बघा. मागच्या मांडीच्या पुढच्या बाजूला, कुशीच्या घडीत, अशीच एक ग्रंथी असते, तीही चाचपा. ही सवय प्रत्येक गोपालकाच्या हाताला लागली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. निरोगी गाईची ग्रंथी आधी हाताला माहीत असेल तर आजारी गाईची लगेच कळते.

लघवी बघायची तर काचेच्या स्वच्छ बाटलीत धरा आणि तासभर न हलवता ठेवा. तांबडेपणा तळाला बसला आणि वर पाणी निवळलं, तर लघवीत सबंध रक्त येतंय, म्हणजे मूत्रमार्गात जखम किंवा दुसरं काही आहे. रंग वरपासून खालपर्यंत तसाच राहिला तर ते हिमोग्लोबिन आहे. पण एवढ्यानंही बबेसियावर शिक्का मारू नये. नुकत्याच व्यालेल्या, जास्त दुधाच्या म्हशीची लघवी लाल झाली आणि अंगात ताप नसेल, तर आधी स्फुरदाच्या कमतरतेचा विचार करतात. दुष्काळी वर्षात नुसत्या कडब्यावर काढलेल्या जनावरांत हे लक्षात ठेवायला हवं. ताप आणि लाल लघवी दोन्ही एकत्र असतील तर बबेसियाची शंका घट्ट होते.

वयानंही थोडा अंदाज येतो. बबेसियाचा नियम उलटा आहे. लहान वासरांना तो सहसा फारसा त्रास देत नाही, मोठ्या जनावराला पाडतो. वासरूपणी हलकी लागण होऊन गेली तर पुढं त्या जनावरात प्रतिकारशक्ती राहते. आपली देवणी आणि लाल कंधारी जनावरं जन्मापासून गोचिडांतच वाढतात, ती सहजी पडत नाहीत यामागं एक कारण हे आहे. देशी जनावराची गोचिडाला तोंड देण्याची मूळची ताकदही संकरितपेक्षा जास्त. थायलेरिया वासरांना असली सवलत देत नाही. संकरित कालवडींना आणि दीड-दोन महिन्यांच्या वासरांनाही तो जिवावर बेतेल इतका होतो, काही वासरांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. जर्सी आणि होल्स्टिनचं रक्त जितकं जास्त तितका थायलेरियाचा धोका जास्त. दुधासाठी आपण संकरित गाई आणल्या ते योग्यच केलं, पण त्यांच्यासोबत या आजाराचा हिशेबही आणला, आणि त्याची माहिती गावापर्यंत पुरेशी पोचली नाही.

एवढं सगळं करूनही खात्री देते ती काचपट्टीच. कानाच्या कडेच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब, काचेवर पातळ पसरलेला, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला. तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराची जोडी दिसली तर बबेसिया. तांबड्या पेशीत बारीक अंगठ्या आणि ठिपके दिसले, किंवा पांढऱ्या पेशींत निळसर पुंजके दिसले, तर थायलेरिया. थायलेरियाच्या सुरुवातीला रक्तात काहीच दिसत नाही असंही होतं, तेव्हा डॉक्टर सुजलेल्या ग्रंथीत सुई घालून त्यातला द्रव तपासतात. याच काचपट्टीवर कधी तिसराच पाहुणा सापडतो, ॲनाप्लाझ्मा. तो जिवाणू आहे, त्यात कावीळ आणि बद्धकोष्ठ ठळक असतात, लघवी लाल होत नाही आणि त्याला टेट्रासायक्लीन गटातलं औषध लागतं. तालुक्याच्या पशुचिकित्सालयात सोय नसेल तर परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

काचपट्टी सुई देण्याआधी घ्यायची. हा क्रम मोडला की परजीवी रक्तात दिसेनासे होतात आणि मागून आलेल्या डॉक्टरच्या हाती काही लागत नाही. बबेसियावर डिमिनाझिन किंवा इमिडोकार्ब देतात. थायलेरियावर ब्युपारव्हाकोन, वजनाच्या दर किलोला २.५ मिलिग्रॅम, स्नायूत खोल. डिमिनाझिननं थायलेरिया बरा होत नाही, आणि ब्युपारव्हाकोन हा बबेसियाचा उपचार नव्हे. ब्युपारव्हाकोन महाग असल्यानं कुणी अर्धाच डोस टोचून घेतो, कुणी खाजगीतून 'सगळ्याची एकेक' सुई देऊन मोकळा होतो. मला हे दोन्ही पटत नाही. अर्ध्या डोसानं पैसे वाचत नाहीत, गाय जाते. वजन अंदाजानं न धरता छातीचा घेर मोजून काढावं, आणि औषध चालू असताना दुधाचं काय करायचं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. रक्त फारच उतरलं असेल तर दुसऱ्या निरोगी जनावराचं रक्त चढवतात. ते ऐकून घाबरू नये, वेळेवर केलं तर गाय उभी राहते.

आता गोचिडांकडं येऊ, कारण या दोन आजारांचं खरं वेगळेपण तिथं आहे. जनावराच्या अंगावरच्या अशा सगळ्याच किड्यांना आपण गोचीड म्हणतो, पण आजार आणणाऱ्या जाती वेगळ्या आहेत. बबेसिया आणते ती रिपिसेफॅलस मायक्रोप्लस. तिचे पाय आखूड आणि फिके. मादी रक्त पिऊन टम्म झाली की राखाडी-निळसर दिसते, थेट एरंडीच्या बीसारखी. हे साम्य जुन्या रोमन लोकांनाही दिसलं होतं: लॅटिनमध्ये गोचिडाला 'रिसिनस' म्हणत आणि एरंडाच्या झाडाचं शास्त्रीय नाव आजही रिसिनसच आहे. थायलेरिया आणते ती हायलोमा ॲनाटोलिकम. ही तपकिरी, जरा मोठी, लांब पायांची, पायांवर फिकट पट्टे. ती अंगावरून पटकन पळते. कास, मांडीची आतली बाजू आणि शेपटीचं बूड या तिच्या आवडत्या जागा. मायक्रोप्लस पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), मान, पोट आणि कास सगळीकडं पसरलेली दिसते.

मायक्रोप्लसची सगळी जिंदगानी एकाच गाईवर जाते. गवतावर ताटकळत बसलेलं बारीक पिलू गाईवर चढतं, तिथंच कात टाकतं, तिथंच मोठं होतं, तिथंच मिलन होतं. साधारण तीन आठवड्यांनी रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, मातीत किंवा गवतात दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. ती एका गाईवरून दुसऱ्या गाईवर जात नाही. मग आजार एका गाईतून दुसऱ्या गाईत कसा जातो? अंड्यांतून. आजारी गाईचं रक्त प्यालेल्या मादीकडून परजीवी अंड्यांत उतरतो, आणि त्या अंड्यांतून निघालेली पिढी आजार घेऊनच जन्माला येते.

हे कोडं पहिल्यांदा सुटलं ते अमेरिकेत. दक्षिणेकडून, टेक्सासकडून, हाकत आणलेली जनावरं स्वतः धडधाकट दिसायची, पण ज्या रानांतून ती जायची तिथली उत्तरेकडची जनावरं काही आठवड्यांनी लाल लघवी करून मरायची. गोचिडांमुळं हे होतं असं गुराखी म्हणत, शिकलेले लोक ऐकत नसत. जिवाणूशास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्य फ्रेडरिक किल्बोर्न यांनी ते मनावर घेतलं. दक्षिणेतल्या जनावरांच्या अंगावरची सगळी गोचीड वेचून त्यांना उत्तरेकडच्या जनावरांत ठेवलं, आजार झाला नाही. अंड्यांतून उबवलेली गोचीड निरोगी जनावरावर सोडली, आजार झाला. १८९३ साली त्यांचा अहवाल निघाला. किडा चावून आजार पसरतो याचा सस्तन प्राण्यातला हा पहिला पक्का पुरावा मानतात. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत बघितला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये. त्या काळी मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता. बबेसिया हे नाव व्हिक्टर बाबेश या रोमानियातल्या शास्त्रज्ञावरून पडलं. त्यांनी १८८८ साली गाईंच्या रक्तात हा परजीवी बघितला होता. थायलेरिया हे नाव मूळच्या स्वित्झर्लंडच्या, दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या आर्नोल्ड थायलर या पशुवैद्यावरून आलं.

हायलोमाचं वागणं मायक्रोप्लसच्या उलट. ती वाढीच्या काळात जनावर सोडून खाली उतरते, आडोशाला कात टाकते आणि पुढच्या जेवणासाठी नव्यानं जनावर गाठते, बहुतेकदा दुसरंच. थायलेरिया तिच्या अंड्यांत उतरत नाही. तिची पिलं जन्मतः स्वच्छ असतात. लहानपणी एका गाईकडून आजार घ्यायचा आणि मोठेपणी दुसरीला द्यायचा, अशी तिची रीत. आणि हा आडोसा म्हणजे आपलाच गोठा. दगड-मातीच्या भिंतीतल्या सांदी, गव्हाणीच्या खालची भेग, दावणीच्या खुंट्याभोवतालची पोकळी, भिंतीला लावून रचलेल्या गोवऱ्या. रात्री बॅटरी घेऊन जुन्या गोठ्याच्या भिंतीची सांद बघा. कात टाकलेली पोकळ टरफलं, थिजून बसलेली गोचीड आणि अंड्यांचे तपकिरी चिकट पुंजके एकाच भेगेत सापडतात.

यावरून बंदोबस्ताची दिशा ठरते आणि ती दोघांसाठी एक नाही. मायक्रोप्लससाठी गाईच्या अंगावर काम करायचं. तिचा मुक्काम गाईवर तीन आठवडे असतो, म्हणून औषध एकदा लावून थांबलं की नंतर चढलेली पिलं वाढून खाली पडतात. माहितीपत्रकात दिलेल्या अंतरानं, तीन आठवडे उलटायच्या आत, पुन्हा लावायला लागतं, आणि गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी. भाकड गाय आणि बैल सोडून दिले तर केलेलं सगळं वाया. डेल्टामेथ्रिनसारख्या औषधांना मायक्रोप्लस दाद देईनाशी झाल्याच्या नोंदी भारतात बऱ्याच भागांतून आहेत. तेच औषध वर्षानुवर्षं घट्ट करत जाऊ नका, गट बदला, तोही डॉक्टरांना विचारून.

हायलोमासाठी नुसती गाय धुऊन भागत नाही, कारण तिची बरीच फौज भिंतीत असते. भेगा सिमेंटनं किंवा चिखल-चुन्यानं बुजवा, भिंतीला हातभरच नव्हे, वरपर्यंत चुना मारा, गोवऱ्यांची रास गोठ्यापासून लांब न्या, गव्हाण उपसून तळ साफ करा. भिंतींवर फवारणी करायची तर जनावरं, चारा आणि पाणी बाहेर काढून. काही जण सांदींत ज्वाळा फिरवतात. ते परिणामकारक आहे, पण कडब्याच्या गंजीशेजारी चुकूनही करू नये. सोपं आणि स्वस्त काम म्हणून मी भेगा बुजवण्याला सगळ्यात वर ठेवतो. थायलेरियाचे गोठे वर्षानुवर्षं तेच ते असतात आणि त्यातले बरेच जुन्या दगडी भिंतीचे असतात.

हातानं गोचीड वेचायची सवय चांगली आहे, आणि थायलेरियात तिचा जास्त फायदा होतो. हायलोमा चिकटली की लगेच आजार देत नाही. तिच्या लाळेतला परजीवी तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, त्याआधी ती निघाली तर गाय वाचते. पण वेचलेली गोचीड नखावर चिरडायची जुनी खोड सोडली पाहिजे. हायलोमा जातीची गोचीड माणसालाही जीवघेणा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप देते. भारतात त्याची पहिली खात्रीशीर नोंद २०११ मध्ये गुजरातेत झाली. हातमोजे घाला, गोचीड रॉकेलच्या डब्यात टाका, पोरांना या कामाला लावू नका.

धोका वाढतो तो जनावर जागा बदलतं तेव्हा. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून किंवा माळेगावच्या यात्रेतून आणलेलं जनावर, ऊसतोडीहून परतलेले बैल, दुष्काळात चारा छावणीत दाटीनं बांधलेली गुरं, इथं गोचिडांची आणि रक्तातल्या परजीवींची देवाणघेवाण होते. बरी झालेली जनावरं दोन्ही आजारांत बरेचदा परजीवी अंगात बाळगून राहतात, दिसायला ठणठणीत आणि गोचिडांसाठी मात्र उगमस्थान. बैल आजारी दिसत नाही म्हणून त्याच्यामुळं गाय आजारी पडणार नाही, असं धरून चालता येत नाही. नवं जनावर गोठ्यात घेण्याआधी दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, त्याच दिवशी गोचिडाचं औषध लावा आणि रोज सकाळी ताप बघा.

लशीच्या बाबतीतही दोघांचं सारखं नाही. थायलेरियावर भारतात तयार झालेली लस आहे, संकरित आणि विदेशी जनावरांसाठी. ती जिवंत पेशींची असल्यानं द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवायला लागते, म्हणून गावात आणायची तर आठ-दहा गोठ्यांनी मिळून तालुक्याच्या दवाखान्यात आधी नाव नोंदवणं सोपं पडतं. दोन महिन्यांवरची वासरं चालतात, गाभण गाईला देत नाहीत. त्यामुळं कालवड फळवायच्या आधीच तिचा नंबर लावावा. बबेसियासाठी आपल्याकडं अशी लस मिळत नाही. तिथं भिस्त गोचीड आटोक्यात ठेवण्यावर आणि ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी काचपट्टी घेण्यावर.